एक कान दाराकडे

दोब्रिवोयेला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोराची मॅच असली की तो आधी उठून बॉयलर बंद करायचा.

आमच्या बिल्डिंगमधल्या तारा जुन्या. कॉम्प्युटरच्या जोडीला बॉयलर, ओव्हन आणि हीटर एकदम चालू झाले की पॅसेजमधल्या पेटीतला खटका पडतो आणि घर अंधारात जातं. म्हणून मॅच संपेपर्यंत दोब्रिवोये पेटीखाली स्टूल टाकून बसायचा, फाटकावरच्या गेटमनसारखा. बायको ओव्हनकडे वळली की ओरडायचा, "झागोर्का, हात काढ! पोरगा कामावर आहे."

खेळाला काम म्हणायचा तो फक्त तेव्हाच. एरवी पोराच्या तोंडावर, "बसून बसून ढुंगणाला मुळं फुटतील तुझ्या. मग कुंडीत लावू आणि गॅलरीत ठेवू."

मी त्या घराचा कूम. पोराच्या, वुकाशिनच्या, बाप्तिस्म्याला मी त्याला हातावर धरलं होतं, आणि आमच्याकडे सर्बियात कूम म्हणजे सख्ख्या भावाच्या वरची जागा; हाकही दोन्हीकडून तीच. सगळ्यात चांगली खुर्ची त्याची आणि सगळ्यात जास्त शिव्याही त्यालाच. त्यातून लेस्कोवाट्सच्या स्टेशनमागं तळघरात तासावर कॉम्प्युटर द्यायचं दुकान माझंच होतं. झागोर्का अजून म्हणते, "देवळात ह्यानं माझं पोर देवाच्या वटीत घातलं, आन् तळघरात सैतानाच्या."

दुकानात शाळेतली सगळी पोरं यायची. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, बंदुकांचा खेळ. बाकीची डोळे फाडून खेळायची, धडाधड गोळ्या सोडायची, आईबहिणीवरून जायची. वुकाशिन गप्प. कानावर हेडफोन दाबून तो भिंतीआड उभा राहायचा आणि ऐकायचा. पाऊल लाकडावर पडलं की दगडावर, डावीकडून आलं की मागून, एकटा आहे की दुसरा त्याच्या पावलावर पाऊल टाकून चोरून येतोय. हे पोरगं कानानं खेळायचं. मी तेव्हाच दोब्रिवोयेला म्हणालो होतो, "कूम, हा पोटापुरतं मिळवेल यातून."

"ऐकून?" तो म्हणाला. "मी गिरणीत जन्मभर फोरमनचं ऐकलं. गिरणी बंद पडली तेव्हा हातात काय आलं?"

पण वुकाशिननं खरंच मिळवलं. टेक्निकल शाळा अर्ध्यात टाकली, बेलग्रेडच्या टीममध्ये गेला, मग बुडापेस्टच्या, शेवटी जर्मनांच्या. बिल्डिंगचं छप्पर गळत होतं ते त्यानं नीट केलं, आईचे दात केले. पोलंडमध्ये हजारो लोकांसमोर स्टेडियममध्ये खेळला, माल्टात खेळला. परत आला की गल्लीतले विचारायचे, "काय काय बघितलंस रे?" तो म्हणायचा, "खोल्या." त्यांना वाटायचं पोरगा माजलाय. माजला नव्हता, खरं सांगत होता. पडदे ओढलेल्या खोल्या, पाच टेबलं, पाच खुर्च्या, डब्यातलं गार जेवण.

उरलेल्या दिवसांत घरच्या छोट्या खोलीतून सराव. दुपारी उठायचं, खेळायचं, काल कुठं चुकलो ते पुन्हा पुन्हा बघायचं, परत खेळायचं. यास्मिना म्हणून एक चांगली मुलगी होती. दोन वर्षं ती या घरात मोज्यांवर चालली, त्याला पावलांचा आवाज नको म्हणून. मग एक दिवस बूट घातले आणि ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरीला गेली. तो तिला बस स्टँडवर सोडायला गेला होता. येऊन म्हणाला, "कूम, तिच्या बुटांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला."

एकदा मी त्याला विचारलं, इतक्या वर्षांत शिकलास काय? बराच वेळ डोळ्यांत थेंब घालत बसला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं, डॉक्टरनं बाटली दिलेली. मग म्हणाला, "मॅचआधी पोटभर खायचं नाही. लोक खाली काय लिहितात ते वाचायचं नाही. आणि हरलेली मॅच जेवणाच्या टेबलावर आणायची नाही."

"बस?"

"बस. बाकीचं सगळं दर वर्षी नव्यानं शिकावं लागतं. खेळ बदलतो आणि पोरं लहान होत जातात."

तिशीला टेकला होता. टीममधली पोरं त्याला आजोबा म्हणायची, प्रेमानंच म्हणायची. उजव्या मनगटातली शीर सुजलेली, रात्री पट्टा बांधून झोपायचा. बाटलीचं झाकण डाव्या हातानं उघडायचा आणि मी बघत असलो की वळायचा.

वसंतात दोब्रिवोये गेला. आला दिवस ढकलत जगला तसाच, गाजावाजा न करता. बाप गेला की घराचा संत पोराकडे येतो. त्यांच्या घराचा संत म्हणजे निकोला. त्याचा दिवस, म्हणजे घराची स्लावा, डिसेंबरात, नाताळाआधीच्या उपवासाच्या ऐन मध्यावर. स्लावेला मांस नाही, पण मासे चालतात, वाइन चालते आणि माणसं तर चालतातच. स्लावेचं आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो. घरधन्यानं दारात जाऊन घ्यायचं, अक्रोड-साखरेतले शिजवलेले गहू पुढे करायचे, वाढायचं आणि दिवसभर उभं राहायचं. स्लावेला घरधनी बसत नाही.

आणि जर्मनांनी मॅच ठेवली बरोबर त्याच दिवशी, संध्याकाळी पाचला.

साधीसुधी मॅच नव्हती. जिंकले तर टीम वरच्या लीगमध्ये जाणार, आणि वुकाशिनचा पुढच्या वर्षाचा करार. हरले तर त्याच्या खुर्चीत पोलंडचा एक पोरगा बसणार, ज्याला अजून दाढी फुटली नव्हती. मॅनेजरनं हे तोंडावर सांगितलं होतं. बरा माणूस होता, गोल गोल बोलत नव्हता.

"तारीख बदला म्हणावं," मी म्हणालो. "त्यांच्यात निकोला नाही का?"

"आहे. त्यांचं कॅलेंडर वेगळं, त्यांचा तेरा दिवस आधी येऊन जातो."

झागोर्का स्वयंपाकघरात पांढरा घेवडा निवडत होती. ती डोंगरावरच्या गावची, चाळीस वर्षं शहरात राहून जिभेला शहर लागलेलं नाही. "दार लावायचं न्हाई," ती म्हणाली. अजून कुणी दाराचं नावही काढलं नव्हतं.

"आई, दार कोण लावतंय? फक्त पाचपासून..."

"संताला टाइम लावून देतोस व्हय रं? पाचपातुर ये, म्हंजे मला मानसं माराया बरं?"

"हरलो तर काम जाईल माझं, आई."

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुझा बाप असता तर..."

"बाबा असते तर ते दारात उभे राहिले असते आणि मी खेळलो असतो," वुकाशिन म्हणाला. "ते नाहीत. एकटाच आहे मी."

शेवटी तोड मी काढली. सकाळी पाद्रीबाबा येऊन पाव कापतील, दुपारी जेवणं होतील, आमची माणसं अंधार पडायच्या आत यायची ती येऊन जातात. यायचा राहणार फक्त ब्लागोये.

ब्लागोये हा दोब्रिवोयेचा गिरणीतला जोडीदार, एकाच पाळीतला. गिरणी बंद पडल्यावर वर त्स्र्ना त्रावाकडे आपल्या गावी मेंढरं राखायला गेला. दर स्लावेला दोन बसा बदलून यायचा, सगळ्यांच्या शेवटी. आणि घरधनी स्वतः दारात येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. दोब्रिवोये शर्टाचं गळ्याशी बटण लावत निघायचा, दारात जाऊन कमरेवर हात ठेवायचा.

"कुणी बोलावलं तुला?"

"निकोलानं. तुला काय करायचंय?"

मग दोघं एकमेकांच्या पाठी बडवायचे. दर वर्षी तेच, आणि दर वर्षी घरभर हसू.

पण त्या आठवड्यात वर एवढा बर्फ पडला होता की घाट बंद. रेडिओवर सांगत होते, बसा जात नाहीत. वुकाशिननं दोनदा फोन केला, लागला नाही. "नाही येऊ शकणार," तो म्हणाला. सुटल्यासारखं म्हणाला आणि मग तोंड पडलं त्याचं.

त्या दिवशी सकाळपासून तो उभा होता. बापाचा काळा कोट खांद्यात सैल होत होता. मेणबत्ती लावली, पाद्रीबाबांबरोबर पाव हातात घेऊन फिरवला, वर लाल वाइन ओतली. पाद्रीबाबांनी तोंडातल्या तोंडात मंत्र संपवला आणि त्याच सुरात विचारलं, "या आठवड्यात किती माणसं मारलीस?"

"मोजली नाहीत, बाबा. दोनेकशे असतील."

"उपवासात! निदान मासे तरी मारायचेस."

माणसं येत गेली. बाप गेल्यावरची पहिली स्लावा, म्हणून नेहमीपेक्षा जास्तच आली. गाणं नाही, वाद्य नाही, पण खाणं आणि बोलणं भरपूर. प्रत्येक बेलला तो दारात. गव्हाचा वाडगा जड, तो डाव्या हातावर तोलायचा. वरच्या मजल्यावरची रुझित्सा त्याला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "अगंबाई, तुला आज पहिल्यांदा उभा बघतेय. उंच आहेस की रे!"

"बघून घ्या, मावशी. वर्षातनं एकदाच असतो."

"लग्न कर म्हणजे रोज उभा करील कुणीतरी."

तो हसला. दुपारपर्यंत त्याच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. मॅचच्या दिवशी तो दुपारी झोपतो, हात गरम पाण्यात धरतो, कुणाशी बोलत नाही. त्या दिवशी त्यानं माशांचे काटे काढले, राकियाची दारू ओतली, कोट टांगले आणि मेलेल्या बापाच्या चांगुलपणावर सगळ्यांशी हो हो म्हटलं.

पाचच्या जरा आधी मी बॉयलर बंद केला आणि पेटीखाली स्टूल टाकलं. जागा रिकामी होती, कुणीतरी बसायलाच हवं होतं. दहा-बारा माणसं मागं राहिली होती. ती मोठ्या खोलीत मेणबत्तीभोवती बसली आणि कुजबुजत खाऊ लागली. घेवडा गार होत होता. झागोर्का ओव्हनसमोर हाताची घडी घालून उभी, माझ्याकडे असं बघत होती की मीच तो थंड केलाय.

पॅसेजमधून मला छोटी खोली सरळ दिसत होती. वुकाशिननं कोट काढून खुर्चीवर घातला, मनगटाला पट्टा गुंडाळला आणि हेडफोन चढवला. डावी वाटी कानावर न ठेवता मागं सरकवली.

मी हातानं खूण केली, नीट घाल.

"नको, कूम," तो म्हणाला. "घरधनी आहे मी. एक कान दाराकडे पाहिजे."

"कोण येणारेय आता?"

"कुणीही येऊ शकतं. म्हणून तर आमंत्रण देत नाहीत."

कानानं खेळणारा माणूस, त्यानं एक कान काढून ठेवला. मी तळघराचा मालक, मला कळत होतं ते काय आहे ते.

तीन डाव होते, दोन जिंकेल तो जिंकला. पहिला गेला. एका कानानं गेला असंच म्हणेन मी, दोनदा मागून मारला गेला. मागं सरकवलेल्या वाटीतून आवाज यायचे, पोरं इंग्रजीतून ओरडायची, आजोबा, मागं, मागं! दुसरा डाव त्यानं ओढून आणला, कसा ते त्यालाच ठाऊक. मनगट पांढरं पडलं होतं. तिसरा डाव बरोबरीत चालला आणि शेवटच्या फेरीवर येऊन ठेपला. ती घेईल त्याचं सगळं.

खोलीतलं कुजबुजणं थांबलं. त्यांना कॉम्प्युटरचा पडदा दिसत नव्हता, पण माझं तोंड दिसत होतं.

त्याचे चौघं पडले. समोरचे दोघं उरले आणि हा एकटा. घड्याळ ह्याच्या बाजूनं पळत होतं. ह्यानं फक्त जागा राखायची, त्यांनी यायचं. तो एका भिंतीआड थांबला, अगदी तसाच जसा माझ्या तळघरात थांबायचा. खांदे खाली आले, श्वास बसला. कितीतरी महिन्यांत मी त्याला असा सुखात बघितला नव्हता. एक पाऊल वाजलं असणार, कारण त्याचं डोकं तसूभर उजवीकडं झुकलं. त्याला कळलं होतं ते कुठं आहेत. मी पण ओळखलं की त्याला कळलंय.

आणि दारावरची बेल वाजली.

वुकाशिन उठला.

दचकून नाही, घाईनं नाही. दोन्ही पायांवर सरळ उभा राहिला, पाठ ताठ, आणि उजवा हात माउसवरून उचलून गळ्याशी बटण लावायला गेला. दोब्रिवोये असाच दाराकडं निघायचा. हेडफोनची तार ताणली गेली आणि हेडफोन घसरून टेबलावर पडला. पडद्यावर त्याचा माणूस भिंतीकडं तोंड करून उभा होता. दोघं आले, त्यांनाही क्षणभर समजलं नसावं. मग मारलं.

त्यानं पडद्याकडं पाहिलं. टेबलावर पडलेल्या हेडफोनातून एक बारीक आवाज येत होता, "आजोबा? आजोबा?" तो माझ्याजवळून गेला आणि त्यानं दार उघडलं.

ब्लागोये होता. टोपीवर बर्फ, मिशीत बर्फ, खांद्यावर अक्रोडांचं पोतं. पुतण्या रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर ड्रायव्हर, त्याच्याशेजारी बसून सकाळपासून रस्ता उकरत उकरत आला होता. उंबऱ्याबाहेर उभा राहून तो काळ्या कोटाशिवायच्या, मनगटाला पट्टा बांधलेल्या पोराकडं बघत राहिला.

मग वुकाशिननं कमरेवर हात ठेवले. "कुणी बोलावलं तुम्हाला?"

म्हाताऱ्यानं टोपीवरचा बर्फ झटकला. "निकोलानं," तो म्हणाला. "तुला काय करायचंय?"

ह्या वेळी कुणी हसलं नाही. झागोर्का ॲप्रन तोंडाला लावून आत गेली.

छोट्या खोलीत फोन टेबलावर थरथरायला लागला. मॅनेजर. वुकाशिन ब्लागोयेच्या खांद्यावरचं पोतं उतरवत होता. मी त्याचा दंड धरून त्याला पेटीखाली ओढला.

"ऐक," मी हळूच म्हणालो. "लाइट गेली म्हण. मी पाडतो खटका, आत्ता. नियम मलाही माहीत आहेत. लाइट गेली तर तक्रार करता येते, फेरी परत मिळू शकते."

"खोलीभर माणसं बसलीयत, कूम."

"आपली माणसं आहेत. निकोलाची शपथ घेऊन सांगतील की अंधार होता."

त्यानं वर पेटीकडं बघितलं. खटक्याच्या खाली भिंतीवर एक तेलकट गोल डाग होता, दोब्रिवोये डोकं टेकायचा तिथं. मी इतकी वर्षं तो बघितला नव्हता, आणि संध्याकाळभर त्यालाच टेकून बसलो होतो.

"बाबांनी एकदासुद्धा पडू दिला नाही," वुकाशिन म्हणाला. "आणि मी त्यांच्या स्लावेला पाडू?"

"काम जाईल तुझं."

"हो."

खोलीत जाऊन त्यानं फोन घेतला. दार लोटलं नाही. तेवढं इंग्रजी मला येतं.

"नाही, लाइट होती. ... नेटही ठीक होतं. मी उठलो." पलीकडून माणूस काही बोलला. वुकाशिननं मनगटाकडं बघितलं. बरा माणूस होता म्हणालो ना, त्यानंही एक वाट काढून दिली होती. "हात दुखतो, खूप दिवस दुखतोय. पण त्यानं नाही उठलो. दारात पाहुणा आला होता." मग पलीकडून निर्णय आला. "हो. हो, कळलं. पोलंडच्या त्या पोराला सांग, उजवीकडं ऐकायला विसरतो तो. ... तुझंही चांगलं होवो."

फोन ठेवून त्यानं कोट घातला, बाहेर आला आणि ब्लागोयेसमोर गव्हाचा वाडगा धरला. "घ्या काका. मासा गार झालाय."

"मी बर्फ खात आलोय," ब्लागोये म्हणाला. "गारठ्याचं मला नको सांगू. बस की जरा."

"आज नाही."

मोठ्या खोलीत रुझित्सानं विचारलं, "जिंकलास का रे?" सगळ्यांनी तिच्याकडं डोळे वटारले.

"नाही, मावशी. वाइन देऊ?"

तेवढ्यावर ते संपलं. हरलेली मॅच त्यानं टेबलावर आणली नाही. ब्लागोये जेवला, दुसऱ्यांदा जेवला, काट्यांना शिव्या घातल्या, गिरणीतल्या गोष्टी सांगितल्या. वुकाशिन त्याच्या खुर्चीमागं उभा राहून ऐकत होता, दोन्ही कानांनी. मग एकेक जण उठला. शेवटी त्यानं चमचाभर वाइनचे थेंब ज्योतीवर टाकले, मेणबत्ती चर्र करून विझली, आणि त्यानं क्रॉसची खूण केली.

झागोर्कानं भांड्यांचा ढीग बघितला, मग माझ्याकडं. "आता तरी लावू का बॉयलर?"

मी वुकाशिनकडं पाहिलं. तो मनगटाचा पट्टा सोडत होता.

"लाव, कूम," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. ओव्हनही लागला, हीटर चालूच होता. आम्ही तिघंही पेटीकडं बघत राहिलो. कॉम्प्युटर बंद होता, खटका पडला नाही.

"सरक, आई. मी घासतो," तो म्हणाला.

"हात दुखतूय न्हवं तुझा?"

त्यानं बाह्या वर केल्या आणि तोटी सोडली. बॉयलर तापायला वेळ लागतो. तो गार धारेखाली हात धरून उभा राहिला, पाणी कोमट व्हायची वाट बघत.